पुसण्याचा मान

सरांच्या समोर मी कधी निवांत बसल्याचं मला आठवत नाही. बोलताना ते आपल्या डोळ्यांत बघायचे नाहीत; कानाची पाळी, भुवईचं टोक, हनुवटीखालची सावली असं काहीतरी बघत राहायचे. एकदा बोलता बोलता थांबून म्हणाले, "तुझा डावा गाल उजव्यापेक्षा थोरला आहे, माहितीये ना तुला?" मला माहीत नव्हतं. तेव्हापासून आजतागायत कुणी फोटो काढायला लागलं की मी उजवीकडे वळते आणि मनातल्या मनात सरांना शिव्या घालते.

त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. एका विमा कंपनीत, माणूस गेल्यावर घरच्यांनी केलेले दावे तपासायच्या टेबलावर त्यांची उभी नोकरी झाली. त्या टेबलाने त्यांना तुसडेपणा आणि हळवेपणा दोन्ही दिलं होतं, आणि त्यातलं कुठलं कधी बाहेर येईल ह्याचा भरवसा नसायचा. लालबागला आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत ते एकटे राहायचे. समोर आलेल्या माणसाची आधी चूक काढायची ह्या सवयीमुळे सगळी चाळ त्यांना सर म्हणायची, आणि हे आपल्याला शोभतं असं त्यांचंही प्रामाणिक मत होतं.

सर रांगोळीतून माणसं काढायचे. दिवाळीत परळच्या एका शाळेच्या वर्गांमधून रांगोळ्यांचं प्रदर्शन भरायचं. तिथल्या एका वर्गात ते जमिनीवर माणसाचा चेहरा असा उतरवायचे, की बघणारा नकळत वाकून हात लावायला जायचा आणि सरांचा ओरडा खायचा. रंग चिमटीतून सोडायचा, सावली चहाच्या गाळणीतून. पंखा बंद, खिडक्या बंद. आत कुणी शिंकू नये म्हणून दाराबाहेर एका वाटीत तपकीर ठेवलेली असायची. ती ओढून, काय शिंकायचं ते बाहेरच शिंकून मग आत यायचं. एकदा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनाच त्यांनी ह्या वाटीपाशी उभं केलं. ते गृहस्थ गळ्यातल्या हारासकट शिंकत राहिले आणि आयोजक सरांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिले.

आयोजकांना आणखीही दुखणं होतं. शेजारच्या वर्गांमध्ये पुढारी, खेळाडू, नट ह्यांच्या रांगोळ्या असायच्या आणि तिथे रांगा लागायच्या. सरांनीही तसं काहीतरी काढावं, गेला बाजार एखादा देव तरी काढावा, असं ते दरवर्षी सुचवायचे. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "त्यांना विचारायला जाऊ कुठे?"

कारण सर विचारल्याशिवाय कुणाला काढत नसत. मसाल्याच्या डंकावर मिरच्या कांडणारी बाई, पोस्टातला कारकून, आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अशी त्यांची माणसं असायची. त्यांच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि सरळ सांगायचं की मला तुम्हाला काढायचंय, चार दिवस लोक बघतील, मग पुसून टाकणार, चालेल का? माणसं आधी हसायची आणि मग लाजून हो म्हणायची. शीवला किल्ल्याच्या पायथ्याशी एक फुलवाला बसायचा. त्याच्या कपाळावर सर अगदी लट्टू झाले होते. तो नाही म्हणाला. का नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून शीवला गेले की सर त्या फुलवाल्याच्या समोरून मान खाली घालून जायचे. मी म्हटलं, नुसतं बघायला काय हरकत आहे? तर म्हणाले, "तो नाही म्हणालाय. आता बघणं म्हणजे चोरी."

आता एवढी नीती सांगणारा माणूस हिंदमाताला एका साडीच्या दुकानात मार खाता खाता वाचला, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या आईसोबत गेले होते, पिशव्या धरायला. तिथे एका गिऱ्हाईक बाईकडे ते इतका वेळ टक लावून बघत राहिले, की तिचा नवरा बाह्या सरसावून आला. "मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, त्यांच्या हनुवटीकडे बघत होतो," असं सरांनी शांतपणे सांगितलं, आणि प्रकरण आणखीच पेटलं. आईने कसंबसं सोडवून आणलं. पुढे कितीतरी दिवस ती त्यांना पिशवी उचलायलासुद्धा बोलावत नव्हती.

प्रदर्शनात फोटो काढायला बंदी होती. म्हणजे बाकी सगळ्या वर्गांत मोकळीक, फक्त सरांच्या वर्गात बंदी. त्यासाठी ते दिवसभर चित्राच्या भोवती फेऱ्या मारायचे. फोन नुसता खिशातून निघाला तरी त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागायची. पुसायची तयारी नसेल त्याने काढू नये, हे त्यांचं लाडकं वाक्य. शेवटच्या दिवशी दार लावून घ्यायचे आणि ज्याचं चित्र त्याला, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना, आत बोलावायचे. पहिला हात त्यांनी फिरवायचा. ह्याला सर पुसण्याचा मान म्हणत. उरलेलं ते स्वतः हाताने पुसायचे आणि तो सगळा मिसळून मातकट झालेला भुगा बिस्किटांच्या डब्यात भरून घरी न्यायचे. पुढच्या वर्षीच्या चित्राची जमीन त्याच भुग्याची.

कुंदामावशींकडे सर वर्षभर जात होते तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीसारखं त्यांना काढायचं असेल. कुंदामावशी आमच्या खालच्या मजल्यावर. मूळच्या मालवणच्या, नवरा गेलेला, घरात त्या एकट्या. त्यांची मुलगी वर्षा दुसरीत असताना तापाने गेली. आम्ही चाळीत राहायला आलो त्याच्याही कितीतरी आधी. भिंतीवर तिचा एकच फोटो होता, शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्या आणि घट्ट मिटलेलं तोंड.

सरांना वर्षाला काढायचं होतं. पण फोटोतल्यासारखं नव्हे. ती आज असती तर जशी दिसली असती तशी. हे त्यांनी मावशींना विचारलं तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं, मावशी आता ह्यांना घराबाहेर काढतील. त्यांनी उठून भिंतीवरचा फोटो पदराने पुसला. मग म्हणाल्या, काढा.

मग सर कामाला लागले. डोळे मावशींचे घेतले, कपाळ वडलांच्या फोटोतून, जबडा सीमाचा. सीमा म्हणजे मावशींची भाची, अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहायची. वडलांना तिशीत चष्मा लागला होता, तेव्हा हिलाही लागला असता, असा हिशेब करून सरांनी चित्रात तिला चष्मा दिला. खांद्यावर ओढणी, कामावरून घरी आल्यावर दारात चप्पल काढताना कुणीतरी हाक मारावी आणि तिने वर बघावं, तसा चेहरा. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मावशी आल्या, दाराबाहेर निमूटपणे शिंकल्या, आत जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या जमिनीवरच्या चेहऱ्याला हळूच म्हणाल्या, "चष्मो लागलो काय गो तुका?"

मी तोंड फिरवलं. सरसुद्धा त्या वेळी त्यांच्या कानाकडे किंवा गालाकडे बघत नव्हते.

शेवटच्या दिवशी पुसण्याचा मान मावशींचा होता. त्यांनी ओढणीच्या टोकावरून बोटं फिरवली, अगदी कडेकडेने, आणि थांबल्या. चेहऱ्यापर्यंत त्यांचा हात गेलाच नाही. सर म्हणाले, "पुरे, झाला मान." मावशी बाहेर आल्यावर आम्ही दार ओढून घेतलं आणि बाकीचं सरांनी पुसलं.

मी त्या काळात लोअर परळला एका कंपनीत होते. आम्ही कॉम्प्युटरवरची चित्रं विकायचो, एनएफटी म्हणून. आता ती हवा पार बसली, पण तेव्हा ह्या गोष्टीने भलभल्यांना वेड लावलं होतं. चित्राला शोभेल असा मजकूर लिहायचा, लोकांना त्यात ओढायचं, उद्या ह्याची किंमत कुठल्या कुठे जाईल असं त्यांच्या मनात भरवून द्यायचं, हे माझं काम. सुरुवातीला मजा वाटली. मग हळूहळू लक्षात येत गेलं की विक्रीच्या साइटवर चित्र चढवणारा आणि चित्र काढणारा हा दरवेळी एकच माणूस असतो असं नाही. मी साहेबांना विचारायचे, चित्रकाराला माहीत आहे ना? ते म्हणायचे, तू फार विचार करतेस. मी मुळातच घाबरट. अशा उत्तरांनी माझी झोप उडायची.

दुसरे लोक काय विकताहेत ह्याच्यावरही आम्हाला लक्ष ठेवावं लागायचं. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी अशीच एक यादी चाळत होते आणि पडद्यावर वर्षा आली. चष्मा, ओढणी, वर बघणारे मावशींचे डोळे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की मुंबईतल्या प्रदर्शनात एका कलावंताने जमिनीवर काढलेली ही अनामिका त्याने शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने नष्ट केली. आता जगात ही एकच प्रत, आणि ती कायमची तुमची. पुढे विकली गेल्याची खूण. कुणी घेतली, तर एक टोपणनाव.

'कायमची' हा शब्द मी स्वतः ऑफिसात दिवसातून कितीदा लिहायचे कोण जाणे. तो असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

सरांना सांगितलं. त्यांनी मला समोर बसवून उलटतपासणी घेतली, जशी विम्याच्या टेबलावर घेत असतील तशी. चित्र त्या माणसाच्या घरी गेलं का? नाही. दुसऱ्या कुणाला बघता येतं का? सगळ्यांना येतं. मग त्याने विकत काय घेतलं? मी म्हटलं, नोंद. ते त्याचं आहे अशी नोंद, जी कुणालाच खोडता येत नाही.

"म्हणजे सातबारा आहे, जमीन नाही," सर म्हणाले. "आणि सातबाऱ्यावर कुंदाताईंची मुलगी."

चित्र आपलं आहे, पैसे आपल्याला मिळायला हवे होते, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांचा जीव अडकला होता तो मावशींना दिलेल्या शब्दात. चार दिवस लोक बघतील, मग पुसून टाकणार, असं सांगून त्यांनी मुलगी मागून घेतली होती. आता ते त्यांना जाऊन काय सांगणार? आम्ही दोघं खाली गेलो तेव्हा सरांनी कठडा घट्ट धरला होता आणि प्रत्येक पायरीवर थांबत होते.

मावशी शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सरांनी अडखळत अडखळत सगळं सांगितलं. मावशींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, बघितलंय, सीमाने दाखवलं, तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाठवलं होतं. सर म्हणाले, मी ते तिथून काढून टाकायला लावतो, माझा शब्द आहे. त्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "तुमी कित्याक त्रास करून घेतात?"

आम्हाला तो त्यांचा भिडस्तपणा वाटला. बाहेर आल्यावर सर म्हणाले, बघितलंस, मान वरसुद्धा केली नाही त्यांनी. मलाही त्याचा अर्थ तोच वाटला होता.

चित्र चढवणारा सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याला लपायचं नव्हतंच. परळलाच, जुन्या गिरणीच्या आवारात जी चकचकीत ऑफिसं झाली आहेत त्यात त्याची एक खुर्ची होती. तिशीच्या आतला, नम्र मुलगा. सरांना बघून तो उठून उभा राहिला, पाया पडला, कॉफी मागवली. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आणता येईना. म्हणाला, बाहेर बाकावर चढून दारावरच्या जाळीतून फोटो काढला, कारण आत सर फिरत होते. तुमचा वाटा काढून ठेवलाय, म्हणाला. सरांनी हात नुसता हलवला, माशी हाकलावी तसा.

"तुम्ही विचारलंत?" सर म्हणाले.

"कुणाला सर? रांगोळी तर पब्लिक होती ना."

"रस्त्यावरून जाणारी बाईपण पब्लिकच असते. म्हणून तिला घरी नेता येत नाही."

मुलगा गोंधळला. हिंदमाताची हकिगत माहीत असल्यामुळे मला त्या परिस्थितीतही हसू फुटायला आलं होतं. पण सरांचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. मुलगा कळवळून म्हणाला, "सर, ऑनेस्टली, तुम्ही ते पुसून टाकलंत. मी नसतो तर काहीच उरलं नसतं. मी तिला अमर केलं."

"तिचं मरण तिच्या आईने फार मुश्किलीने गिळलंय," सर म्हणाले. "तुम्ही कसलं अमर करता?"

ती कोण, तिचं नाव काय, असं त्याने विचारलं. सरांनी सांगितलं नाही. विकलेलं परत घेतलं तर ह्या धंद्यात आपलं नाव जाईल, आपल्या हातात आता काही नाही, असं तो म्हणत राहिला, आणि मला वाटतं त्याच्या परीने ते खरं होतं. कॉफी तशीच ठेवून आम्ही निघालो.

मग आम्ही त्या विक्रीच्या साइटकडे तक्रार केली. लिहिणारी मी, सांगणारे सर. तिथे म्हणणं असं, की चित्र तुमचं असेल तर मूळ चित्र दाखवा. सर उठले, कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "हे मूळ," म्हणाले. डब्यात तो मातकट भुगा. मी हसले आणि लगेच रडायला आलं. हा माणूस आयुष्यभर लोकांना दाखला आणा म्हणून परत पाठवत आला होता आणि आता त्याच्याकडेच दाखला नव्हता. शेवटी त्या मुलाच्या जाहिरातीनेच आम्हाला हात दिला. कलावंत वेगळा आहे, त्याने चित्र स्वतः नष्ट केलं, हे त्याने मोठ्या हौसेने लिहून ठेवलं होतं. तेच आम्ही जोडलं, प्रदर्शनवाल्यांचं पत्र जोडलं, पडद्यावरच्या चित्राचा फोटो जोडला आणि वाट बघत बसलो.

ते दिवस फार वाईट गेले. सकाळी मी ऑफिसला निघाले की सर गॅलरीत उभे. "आहे?" एवढंच विचारायचे. मी फोन उघडून बघायचे आणि म्हणायचे, आहे. ते स्वतः कधी बघायचे नाहीत. चित्राखाली किती जणांनी बघितलं त्याचा आकडा यायचा. तो रोज थोडा थोडा सरकायचा, एकही दिवस न चुकता. हे मी त्यांना सांगायलाच नको होतं. त्यांनी त्याचा धसकाच घेतला. रोज कोण बघतं तिला? कशासाठी बघतं? चिवडा गल्लीतून चालताना हातात फोन घेतलेला कुणीही दिसला की त्यांची पावलं अडायची. माणसांचे कान-हनुवट्या बघणं बंद झालं. मला तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर सरळ बसता आलं, आणि ते मुळीच बरं वाटलं नाही.

ह्या सगळ्यात आम्ही मावशींकडे फिरकलो नाही. काम झाल्याशिवाय कुठल्या तोंडाने जायचं, असं सरांचं म्हणणं. मलाही जिना उतरताना त्यांचं दार उघडं दिसलं की चोरट्यासारखं व्हायचं.

आणि एका शनिवारी सकाळी ती नव्हती. नोंद होती, टोपणनाव होतं, पण चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन. मी गॅलरीत धावत गेले. सरांनी दोनदा खात्री करून घेतली. सातबारा राहू दे त्याच्याकडे, म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या भुवईकडे बघून म्हणाले, ही अलीकडे फार बारीक केलीयेस. दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही मावशींकडे गेलो.

मावशी दारातच होत्या. हातात फोन. मला बघून त्यांना हायसं वाटलं.

"बरा झाला गो तू इलंस. ह्या बघ काय झाला. सकाळपासून उघडत नाय. नेट गेला काय?"

मी फोन घेतला. पडद्यावर तोच राखाडी चौकोन होता. मी सरांकडे बघितलं, पण त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मावशी सांगत होत्या की सीमाने हे लावून दिलंय, नुसतं बोट ठेवलं की तिचं पान यायचं, रोज दुपारी जेवण झालं की त्या घटकाभर बघत बसायच्या, कधी संध्याकाळीपण. आज बोट ठेवून ठेवून दुखलं, पण ती काही येत नाही.

मी फोन उगाच उलटसुलट करत राहिले. सरांनी तो माझ्या हातातून घेतला, बघितला, आणि मग त्यांना कळलं. ज्यांनी शीवच्या फुलवाल्याचा नकार पाळला, त्यांनी ह्या बाईला, ते चित्र काढून टाकू का, असं एकदाही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"कुंदाताई," सर म्हणाले, "ते मी काढून टाकायला लावलं. मला वाटलं..."

मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी फोन परत घेतला, त्या चौकोनाकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते विचारावं तसं, विचारलं,

"मगे आता मी तिका खंय बघू?"

चाळीत त्या वेळी नळाला पाणी आलं होतं आणि सगळीकडे बादल्यांचा आवाज चालला होता. सर खाली बघत उभे होते. तक्रारीला जोडलेला फोटो माझ्या फोनमध्ये होता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी सांगू धजत नव्हते. त्यांचा शब्द, त्यांचा नियम, त्यांचे एवढे दिवसांचे हाल. त्यांच्यादेखत मी तो कसा उघडणार? मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

सरांनीही एकदा माझ्याकडे बघितलं. गालाकडे नाही, डोळ्यांकडे. मग ते खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बाहेर तोंड करून उभे राहिले.

मी फोटो उघडला आणि फोन मावशींच्या हातात दिला. त्या खाली जमिनीवर बसल्या. दोन बोटांनी त्यांनी चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, चष्म्यापाशी थांबल्या.

"झालं का?" सरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं. "बघू दे त्यांना."

"बरं," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.